‘वा!’ कधी म्हणायचं?

शास्त्रीय गाणं शिकायला एक जन्म पुरत नाही, असं गवई सांगतात. त्याविषयी बोलायला मात्र पंधरा शब्द पुरतात. ‘तालीम पक्की आहे’, ‘आकार मोकळा आहे’, ‘बढत जरा घाईत उरकली’, ‘घराण्याची शिस्त दिसते’ एवढ्या भांडवलावर माणूस पुण्यापासून पणजीपर्यंत कुठल्याही सभागृहाच्या पायऱ्यांवर तासभर उभा राहू शकतो. त्यातही ‘आज काही लागलं नाही हो’ हे वाक्य सगळ्यांत टिकाऊ. काय लागलं नाही, हे कुणी विचारत नाही. ते म्हणायला आत जाऊन बसावं लागतं असंही नाही.

नवख्या श्रोत्याची गोची इथेच होते. त्याला गाणं आवडत असतं. पण शेजारचे काका डोळे मिटून ‘तिरोभाव!’ म्हणाले, की त्याला आपलं तिकीट खोटं वाटायला लागतं. घरी जाताना तो एक पुस्तक विकत घेतो. पुस्तक नादापासून सुरू होतं, मग बावीस श्रुती येतात, मग ग्राम आणि मूर्च्छना येतात. मूर्च्छनेपाशी त्याला झोप लागते आणि पुढच्या महिन्यात तो भावगीतांच्या कार्यक्रमाचं तिकीट काढतो. माझं म्हणणं असं, की या परिभाषेतले निम्मे शब्द गवयांसाठी आहेत, निम्मे परीक्षेला बसणाऱ्यांसाठी आहेत आणि श्रोत्याच्या वाट्याला खरं तर एकच शब्द येतो. त्यासाठी थोडं थांबावं लागेल, कारण मैफलीतही तो लगेच येत नाही.

आधी येते जुळवाजुळव. मागे दोन तंबोरे असतात, बहुधा मिरजेचे. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, तारा चार. पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. चार तारा लावायला किती वेळ लागावा? याचं उत्तर गवयाच्या भुवईवर अवलंबून असतं. भुवई हलली की पुन्हा खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, घोडीवर तारेखाली असलेला सुताचा दोरा केसभर मागेपुढे करायचा. याला जवारी म्हणतात. जवारी बरोबर बसली की एकाच तारेतून आणखी सूर ऐकू येऊ लागतात आणि पहिल्या रांगेतून पहिला ‘आहा’ निघतो. गाणं अजून सुरू व्हायचं असतं.

तिकडे तबलजी हातोडी घेऊन तबल्याच्या कडेला ठोकत असतात. निवांत असतात ते फक्त पेटीवाले, कारण त्यांचे सूर कारखान्यातून पक्के होऊन आलेले असतात. या पक्केपणाचीच शिक्षा पेटीने भोगली. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुतींचे बारकावे दाखवता येत नाहीत असा ठपका ठेवून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीस वर्षं तिला स्टुडिओबाहेर बसवलं होतं. मैफलीत मात्र ती कायम आत होती. गवयाला श्वास घ्यायला जागा कोण देणार?

जुळवणीलाच गाणं समजून टाळ्या वाजवण्याचा मान न्यूयॉर्ककरांकडे जातो. १ ऑगस्ट १९७१ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या मदतीसाठी कार्यक्रम होता. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्ला रखा यांनी वाद्यं लावून घेतली आणि हजारो लोकांनी कडकडून टाळ्या दिल्या. जुळवणीच एवढी आवडली असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे, असं रविशंकर शांतपणे म्हणाले. आपल्याकडे असा प्रसंग ओढवत नाही. आपल्याकडे जुळवणीच्या वेळात लोक आपली खुर्ची शोधतात, तिच्यावरचा दुसऱ्याचा रुमाल उचलतात आणि ‘इथे कुणी आहे का?’ असं त्या रुमालाच्या मालकालाच विचारतात.

मग राग येतो. पुस्तकी व्याख्या अशी : निदान पाच सूर हवेत, चढताना कुठले आणि उतरताना कुठले हे ठरलेलं हवं; त्यातला सर्वांत मानाचा सूर वादी, त्याला साथ देणारा संवादी आणि ज्याच्या येण्याने राग बिघडतो तो विवादी. हे शब्द भरतमुनींच्या काळापासून चालत आलेत. पण आजच्या रागांची फाइल ज्यांनी नीट लावली ते विष्णु नारायण भातखंडे वकिली शिकलेले होते, हा योगायोग मला फार सुखावतो. त्यांनी गावोगावच्या उस्तादांकडून बंदिशी मिळवल्या आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला, तोही गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांत. उलटतपासणीची सवय सहजासहजी जात नाही.

भातखंड्यांनी रागांचे दहा थाट केले. कल्याण, बिलावल, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. थाट म्हणजे रागाचं आडनाव. आडनावावरून घर कळतं, स्वभाव कळत नाही. मारवा, पूरिया आणि सोहनी हे तिघे एकाच घरचे. सूर तेच सहा, पंचम तिघांनाही वर्ज्य. पण मारवा रिषभ-धैवतावर अडून बसतो, पूरिया गंधार-निषादाशी खाली रमतो आणि सोहनी वरच्या सप्तकातून उतरायला तयार नसते. उलट भूप आणि देसकार यांचे पाचही सूर अगदी तेच, तरी आडनावं वेगळी. भूप कल्याण थाटाचा, देसकार बिलावलचा. भूप संध्याकाळी गंधारापाशी थांबतो, देसकार सकाळी धैवतापाशी. दोघांना एकमेकांपासून लांब ठेवायचं कसब शिकण्यात विद्यार्थ्यांची वर्षं जातात आणि परीक्षक मात्र ‘हं, आता भूप आणि देसकारातला फरक गाऊन दाखवा’ असं चहाचा कप खाली न ठेवता सांगतात.

गवयाने रागाचं नाव सांगितलं नाही, की आपल्या रांगेत खरी रंगत येते.

‘पूरिया.’

‘छे हो, पूरिया धनाश्री. आत्ता पंचम लागला की.’

‘तो पेटीचा होता.’

अशा वेळी गप्प बसणं सुरक्षित असतं, पण ते मराठी स्वभावात नाही. म्हणून काही हमखास उत्तरं तयार ठेवावीत. गंभीर राग असेल आणि रात्र झाली असेल तर ‘कानड्याचा एक प्रकार’ म्हणावं. कानड्याचे अठरा प्रकार सांगतात, त्यांतला एखादा निघतोच. पावसाळ्यात ‘मल्हारच, पण कुठला?’ असा प्रश्न आपणच टाकावा, म्हणजे उत्तराची जबाबदारी दुसऱ्यावर जाते. काहीच जमलं नाही तर ‘अनवट आहे’ म्हणावं. हा शब्द जयपूर-अत्रौली घराण्याची कृपा. अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारात होते. त्यांनी आणि त्यांच्या शिष्यपरिवाराने इतके अप्रचलित आणि जोडराग गायले, की ‘ओळखता आलं नाही’ याला आपल्याकडे एक प्रतिष्ठित पर्याय मिळाला.

रागांना वेळा असतात. दिवसाचे चार प्रहर, रात्रीचे चार. सकाळी तोडी, दुपारी सारंग, उतरत्या उन्हात मुलतानी, सूर्य बुडताना मारवा, मध्यरात्रीनंतर मालकंस. ऋषिमुनींनी हे ठरवलं तेव्हा ध्वनिवर्धक नव्हते आणि सन २००० चे ध्वनिप्रदूषणाचे नियमही नव्हते. त्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरचा कर्णा बंद केला. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली सुरू झाला. तो पूर्वी रात्र रात्र चालायचा. लोक घोंगड्या, शाली आणि थर्मास घेऊन पहाटेपर्यंत बसायचे. आता गाणं दुपारी सुरू होतं आणि एखादा परवानगीचा दिवस सोडला तर दहाला संपतं. याचा एक फायदा झाला. जन्मात दुपारी जागा नसलेल्या माणसाला मुलतानी आणि भीमपलास ऐकायला मिळाले. मालकंसाला मात्र आपली मध्यरात्र साडेआठ-नऊलाच गाठावी लागते.

राग मांडायचा कशात? बहुतेक वेळा ख्यालात. ध्रुपद त्याच्याआधीचं. त्यात स्थायी, अंतरा, संचारी, आभोग असे चार मजले असतात आणि साथीला पखवाज. अठराव्या शतकात दिल्लीला महंमदशहा रंगीले याच्या दरबारातल्या नियामत खाँ ऊर्फ सदारंग यांनी ख्यालाला भरभराटीला आणलं. ख्यालात मजले दोनच राहिले, स्थायी आणि अंतरा. पण प्रत्येक मजल्यावर राहण्याची मुदत वाढली.

ख्यालाच्या बंदिशीत जगावेगळं काही नसतं. सासू जागी आहे, नणंद टपून बसली आहे, पैंजण वाजताहेत, तो अजून आलेला नाही. भाषा बहुधा ब्रज. गवई त्यातली अक्षरं आलापात अशी विरघळवतो, की मजकूर कळण्याचा धोका राहत नाही. बडा ख्याल चाळीस मिनिटं चालतो. सासू जागी आहे हे इतका वेळ मोठ्याने सांगितल्यावर एव्हाना सासूलाही सगळं कळलेलं असतं. हीच बंदिश तबकडीच्या काळात तीन-साडेतीन मिनिटांत मावायची. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐकाव्यात. आलाप, बंदिश, ताना सगळं त्या तेवढ्या वेळात होतं आणि घाई कुठे दिसत नाही. लांबी आणि खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या तबकड्या ज्या थाटात सांगतात त्या थाटात कुठल्या समीक्षकाने सांगितलेलं नाही.

आता तो शब्द. सम.

ताल म्हणजे ठरावीक मात्रांचं चक्र. तीनतालाच्या मात्रा सोळा, एकतालाच्या बारा, झपतालाच्या दहा, रूपकच्या सात. चक्राची पहिली मात्रा ती सम. गवयाने कुठेही हिंडावं, वर जावं, खाली यावं, मध्येच घोटभर कोमट पाणी प्यावं. पण आवर्तन संपताना मुखडा घेऊन त्याने समेवर यायचं. तबलजीही तिथेच येतो. दोघे न ठरवता एका क्षणाला भेटतात आणि सभागृहातल्या माना एकदम खाली जातात. शास्त्रीय संगीतात लोकांना नेमकं काय आवडतं, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. सुटलेला माणूस वेळेवर घरी पोचतो, ते आवडतं.

अडचण एवढीच, की विलंबित एकतालात बारा मात्रांचं एक आवर्तन व्हायला पाऊण मिनिट, कधी त्याहून जास्त लागतं. नवखा श्रोता बोटांवर मोजायला लागतो, सहाव्या मात्रेपाशी त्याला गाडी लावली ती जागा आठवते, आणि सम निघून जाते. जुन्या श्रोत्यांनी यावर तोडगे काढलेत. काही जण सतत हात हलवत राहतात, म्हणजे सम आली तेव्हा हात हलत होता हे सिद्ध करता येतं. काही जण गवयाकडे न बघता तबलजीच्या मानेकडे बघतात. आणि फार मोठा वर्ग शेजाऱ्याकडे बघून अर्ध्या मात्रेने उशिरा ‘वा!’ म्हणतो. त्याच्याकडे बघून पुढचा म्हणतो. अशी ती ‘वा!’ मागच्या रांगेला पोचते तेव्हा गवई पुढच्या आवर्तनात बराच लांब गेलेला असतो.

या सगळ्यांची रूपक तालात फजिती होते. बाकीच्या तालांत समेवर टाळी असते आणि मध्ये कुठेतरी ‘खाली’, म्हणजे हात उलटा. रूपकात पहिल्याच मात्रेवर खाली. सम येते ती ‘धा’चा दणका देत नाही, ‘तिं’ म्हणून हळूच येते. दणक्याची वाट बघणारे वाटच बघत राहतात. ज्याची मान तिथे हलली, त्याला पुढे काही विचारू नये, तो शिकलेला आहे.

पुढचा प्रवास वेगाचा आहे. लय वाढते, छोटा ख्याल सुरू होतो, ताना येतात. सपाट तान सरळ जाऊन सरळ येते, गमकेची तान पोटातून हिसके देते, बोलतानेत बंदिशीचे शब्दही फरफटत जातात. एवढ्या वेळात नवख्या श्रोत्याला मनापासून दाद देता येते ती तिहाईला. एकच तुकडा तीनदा घेऊन तिसऱ्याचा शेवट बरोबर समेवर टाकायचा. तीनपर्यंत सगळ्यांनाच मोजता येतं, म्हणून टाळ्या दणदणीत पडतात. त्यानंतर तराणा असला तर फारच उत्तम. त्यात अर्थ नसलेली अक्षरं असतात, त्यामुळे शब्द समजले नाहीत ही खंत सगळ्या श्रोत्यांना सारखीच वाटून दिली जाते. उस्ताद अमीर खाँ यांचं म्हणणं होतं, की या अक्षरांमागे फारसी अर्थ आहेत. हे कळल्यापासून काही जणांचा तराण्यातला आनंद कमी झाल्याचं मी पाहिलं आहे.

मध्यंतरात बटाटेवडा असतो. त्याच्या रांगेत किराणा आणि ग्वाल्हेर ही घराणी पुन्हा भांडतात. किराण्याला लयीशी देणंघेणं नाही, ग्वाल्हेरवाले सुरावर थांबत नाहीत, असे जुनेच आरोप गरम होऊन निघतात. वडा हातात आला की समेट होतो.

मध्यंतरानंतर चिठ्ठ्या सुरू होतात. गवयाने पाऊण तास घाम गाळून यमन मांडलेला असतो आणि पहिली चिठ्ठी येते ती नाट्यपदाची, दुसरी अभंगाची. गवई मनात काय म्हणत असेल ते असो, पण या चिठ्ठ्यांना तुच्छ लेखू नये. १९१६ साली ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आलं तेव्हा त्याच्या चाली भास्करबुवा बखले यांनी दिल्या होत्या. बुवांना एकाहून अधिक घराण्यांची तालीम होती. बालगंधर्व ती पदं गायचे आणि पिटातला माणूस ‘वन्स मोअर’ देता देता राग पाठ करून घरी जायचा. त्याला आरोह-अवरोह विचारले असते तर सांगता आले नसते. पण तो सूर चुकला असता तर त्याने खुर्चीत चुळबुळ नक्की केली असती. गांधर्व महाविद्यालयाची ‘विशारद’ झालेल्यांपैकी सगळ्यांना ही चुळबुळ येतेच असं नाही.

शेवट भैरवीने. बाराही सूर हिच्यात खपतात, म्हणून बुवा आणि बाई दोघेही इथे मोकळे होतात. भैरवी झाल्यावर कुणी गायचं नाही, हा आपला अलिखित कायदा. त्यामुळे तिचे पहिले सूर कानावर आले की अर्धं सभागृह डोळे मिटतं आणि अर्धं खुर्चीखाली पायाने चप्पल शोधू लागतं. आता गंमत बघा. १९७७ साली अमेरिकेने दोन व्हॉयेजर यानं अंतराळात सोडली आणि परग्रहावर कुणी भेटलंच तर त्यांना ऐकवायला पृथ्वीवरच्या संगीताची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बरोबर दिली. भारताकडून तीत आहेत मूळ गोव्याच्या केरीच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या सूरश्री केसरबाई केरकर. आणि त्या गातात भैरवी. निवड इतकी अव्वल, की त्याविषयी तक्रार करायला तोंड नाही. पण विश्वाशी आपली पहिलीच बैठक आणि सुरुवातच भैरवीने! परग्रहावर एखादा पुणेकर असलाच, तर तो ती ऐकून आधी चपला शोधेल.

तेव्हा नवख्या श्रोत्याला माझा सल्ला अगदी थोडक्यात आहे. थाट, श्रुती, मूर्च्छना, आविर्भाव, तिरोभाव हे सगळं काकांना करू द्या. ते त्यांचं निवृत्तीनंतरचं काम आहे. तुम्ही घरी मध्यलयीतल्या तीनतालाची एखादी बंदिश लावा आणि बोटांच्या पेरांवर एक ते सोळा मोजा. नवव्या मात्रेपाशी तबल्याचा डग्गा गप्प होतो, ती खाली. चौदाव्यापाशी तो परत घुमायला लागतो आणि पुढे तीन मात्रांनी सम. दहा-बारा आवर्तनांत बोटं थांबतात आणि मान आपोआप हलायला लागते. मग मैफलीला जा. राग ओळखता आला नाही तरी चालेल, घराणं कळलं नाही तरी चालेल. शेजाऱ्याकडे न बघता, योग्य जागी, एकदाच ‘वा!’ म्हणा. गवयाला ती लगेच ऐकू जाते. आणि सम सापडली नाही तर सरळ गप्प बसा, कारण चुकीच्या जागी दिलेली दाद तबलजीला हातोडीपेक्षा जोरात लागते.